उबेसाठी बोटभर झरोका

(आकाशवाणीवर झालेल्या भाषणाचे संपादित रूप)

'कारवाँ' हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. मूळचा फारसी. वाळवंटातून उंटांवर माल लादून जाणारा व्यापाऱ्यांचा तांडा, हा त्याचा अर्थ. हाच शब्द फिरत फिरत युरोपात गेला, इंग्रजीत 'कॅरव्हॅन' झाला आणि पुढे 'चाकांवरचे घर' या अर्थाने रूढ झाला. मोटारीच्या मागे जोडून ओढत न्यायची एक खोली. तिच्यातच बिछाने, तिच्यातच चूल, तिच्यातच न्हाणी. माझ्या कवितेत कारवाँ पुष्कळदा येऊन गेला. प्रत्यक्षात त्यात मुक्काम करण्याचा योग मात्र पंचावन्नी उलटल्यावर आला. तोही भर थंडीत, फेब्रुवारी महिन्यात, इंग्लंडच्या वायव्येला असलेल्या लेक डिस्ट्रिक्ट नावाच्या तळ्यांच्या मुलुखात.

माझा भाचा मँचेस्टरला नोकरी करतो. तिथल्या शाळांना फेब्रुवारीच्या मध्याला आठवड्याची सुटी असते. त्याने एक जुनी पण धडधाकट कॅरव्हॅन विकत घेतलेली. म्हणाला, "मामू, उन्हाळ्यात तिकडं पाय ठेवायला जागा नसते. आत्ता गर्दी नाही, भाडंही कमी. आणि वर्ड्स्वर्थचं घर तिथंच आहे." कवीला कवीच्या घराचे आमिष दाखवले की तो कुठेही यायला तयार होतो. तरी मी विचारले, "पण थंडीचं काय?" तो हसला. "थंडीचं शास्त्र असतं मामू. तिथं गेल्यावर शिकवतो तुम्हाला."

ते शास्त्र मी शिकलो. त्यातला एक धडा मात्र सगळ्यांनाच फार महागात पडता पडता राहिला. तो सांगण्यासाठीच आज आपल्यासमोर आलो आहे.

आधी ही खोली कशी असते ते पाहू. बाहेरून ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा, आतून प्लायवूडसारखी फळी आणि दोहोंच्या मध्ये थर्माकोलच्या जातीचा इंचभर थर. भिंत म्हणायची ती एवढीच. आपल्या घराला खालून जमिनीचा आधार असतो. हिच्या खालून मात्र चाकांमधून वारा वाहत असतो. म्हणजे चार भिंती, छप्पर आणि जमीन, अशी सहाही बाजूंनी थंडी. युरोपात या गाड्यांची उबेच्या दृष्टीने प्रतवारी केलेली असते. तिसरी प्रत सर्वांत वरची. बाहेर उणे १५ अंश सेल्सिअस तापमान असताना जिच्या आत २० अंशांपर्यंत ऊब आणता येते आणि जिच्यातले पाणी गोठत नाही, त्या गाडीला ही प्रत मिळते. जुनी गाडी घेणाऱ्याने रंग आणि पडदे पाहण्याआधी हे विचारून घ्यावे, असे भाचा सांगत होता.

खिडक्या काचेच्या नसतात, दुहेरी ॲक्रिलिकच्या असतात. दोन थरांमध्ये हवा कोंडलेली असते. तरीही सर्वांत जास्त ऊब खिडक्यांतूनच जाते. म्हणून संध्याकाळ होताच भाच्याने पुढच्या मोठ्या खिडक्यांवर बाहेरून चंदेरी रंगाची जाड आवरणे बांधली. आवरण बाहेरून घातले की खिडकी मुळातच कमी गार होते. नुसता आतून पडदा लावून तेवढा फायदा होत नाही. तळाला त्याने सतरंजीसारखी जाड पथारी अंथरली. दाराबाहेर कापडी मांडव उभारला. ओले बूट, ओल्या छत्र्या तिथेच ठेवायच्या. दार उघडले की थंड वारा थेट आत न घुसता आधी मांडवात थबकायचा.

आता माणसाच्या अंगाची गोष्ट. निघताना माझ्या बहिणीने, म्हणजे भाच्याच्या आईने, एक गोधडी माझ्या बॅगेत कोंबली होती. जुन्या साड्यांचे आणि धोतरांचे थर एकावर एक ठेवून, हाताने टाके घालून शिवलेली. भाचेसून आधी हसली. तिच्याकडे पिसांनी भरलेल्या, महागड्या झोपायच्या पिशव्या होत्या. पण पिसांची पिशवी काय आणि आमची गोधडी काय, दोन्हींचे तत्त्व एकच. कापड किंवा पीस स्वतः ऊब निर्माण करत नाही. ऊब आपल्या अंगाची. थरांच्या मध्ये अडकलेली हवा ती ऊब बाहेर जाऊ देत नाही, इतकेच. म्हणून एका जाड स्वेटरपेक्षा तीन पातळ कपडे बरे.

यातही एक गोम आहे. झोपल्यावर अंगाखालचे पांघरूण आपल्या वजनाने दबते, त्यातली हवा निघून जाते आणि खालून गारठा लागतो. अंगावर तीन रजया घेऊन खाली पातळ गादी टाकणारा माणूस रात्रभर कुडकुडतो, तो यामुळे. पहिल्या रात्री मीही कुडकुडलो. दुसऱ्या रात्री भाच्याने गोधडी माझ्या अंगावरून काढून अंगाखाली घातली, आणि मग झोप लागली.

बाकीचे नियम आजीबाईच्या बटव्यातले. दिवसभर अंगावर असलेले कपडे घामाने दमट झालेले असतात. झोपण्यापूर्वी ते बदलून कोरडे घालावेत. पायांत लोकरी मोजे, डोक्याला कानटोपी. शेकायची रबरी पिशवी गरम पाण्याने भरून अर्धा तास आधी अंथरुणात ठेवावी. पोटात काहीतरी गरम असावे, कारण अंगाची भट्टी अन्नावरच चालते. आणि तोंड पांघरुणात खुपसून झोपू नये. श्वासाच्या वाफेने पांघरूण ओलसर होते, आणि ओले पांघरूण गारच लागते.

दुसऱ्या दिवशी ग्रॅस्मिअरला गेलो. वर्ड्स्वर्थ आणि त्याची बहीण डोरोथी १७९९ च्या डिसेंबरात, म्हणजे ऐन हिवाळ्यात, तिथल्या छोट्या घरात राहायला आले. आज ते घर 'डव्ह कॉटेज' म्हणून जपलेले आहे. १८०८ पर्यंत वर्ड्स्वर्थ कुटुंब तिथे होते आणि त्याच्या कितीतरी नावाजलेल्या कविता त्याच काळातल्या. पण माझ्या मनात राहिली ती माडीवरची एक चिमुकली खोली. तिच्या भिंतींना वर्तमानपत्रे चिकटवलेली आहेत. ती खोली फार गार म्हणून डोरोथीने भिंतींवर वर्तमानपत्रे लावली होती. माझी आई कुडाच्या भिंतीला कागद चिकटवायची ते आठवले. वर्तमानपत्राचा हा उपयोग इंग्लंडच्या कवीच्या घरात आणि आमच्या मराठवाड्यातल्या घरात सारखाच ठरावा, याची मोठी गंमत वाटली.

आता गॅसकडे वळू. आपल्या घरच्या सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन या दोन वायूंचे मिश्रण असते. दाबामुळे ते सिलिंडरमध्ये द्रवरूपात राहतात आणि दाब कमी झाला की त्यांचा वायू होतो. पण ब्युटेनचे तापमान शून्य अंशाच्या आसपास आले की त्याचा वायू होणेच थांबते. सिलिंडर भरलेला, तरी शेगडी पेटत नाही. प्रोपेन मात्र उणे ४२ अंशांपर्यंत वायूरूप घेऊ शकतो. म्हणून हिवाळ्यात फक्त प्रोपेनचा सिलिंडर न्यायचा. गॅस येईना म्हणून सिलिंडरला शेक देण्याचा उद्योग मात्र कोणी चुकूनही करू नये.

विजेचे गणितही समजून घ्यायला हवे. मुक्कामाच्या जागी खांबावरून प्रत्येक गाडीला वीज मिळते, पण मोजूनमापून. आमच्या जागी ती दहा अँपिअर होती. २३० व्होल्टना दहाने गुणले की २,३०० वॉट. गाडीतला हीटर एकटाच २,००० वॉट खात होता. म्हणजे उरले तीनशे. त्यात चहाची विजेची किटली लावली की खटका पडलाच म्हणून समजा. किटली लावण्याआधी हीटर कमी करायचा, हा नियम भाच्याने पहिल्याच संध्याकाळी मला सांगितला होता. माझ्या कानाने तो ऐकला, डोक्याने ऐकला नाही.

पाण्याचीही तीच तऱ्हा. गाडीच्या बाहेर चाळीस लिटरचे एक गोल पिंप असते. ते जमिनीवरून लोळवत नळापर्यंत न्यायचे आणि भरून आणायचे. रात्री पिंपाला जुने ब्लँकेट गुंडाळायचे, त्यातला पंप आणि नळी आत घ्यायची. तरीही पहाटे नळाला पाणी येईलच याचा भरवसा नाही, म्हणून झोपण्यापूर्वी किटली आणि थर्मास भरून ठेवायचा. सुटी संपली की गाडीतल्या नळ्यांमधले पाणी थेंबन् थेंब काढून टाकायचे. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते, आणि तेवढे फुगणे नळी फोडायला पुरते.

एवढे सगळे केल्यावर गाडी खरोखर उबदार झाली. पण सकाळी पाहतो तो खिडक्यांवरून पाण्याचे ओघळ, गादीच्या कडा दमट, कपाटातले कपडे गार आणि ओलसर. मला वाटले, छप्पर गळते. भाचा म्हणाला, "छप्पर नाही मामू, आपणच गळतोय." पाच माणसांचा रात्रभराचा श्वास, स्वयंपाकाची वाफ, ओले टॉवेल, हे सगळे पाणी वाफेच्या रूपाने हवेत असते. गरम हवेत ते सामावते; गार खिडकीला लागले की पुन्हा पाणी होते. उपाय ऐकून मला आश्चर्य वाटले. हीटर मंद ठेवायचा आणि छतावरची खिडकी बोटभर उघडी ठेवायची. थोडी ऊब जाते, पण ओल त्याहून जास्त जाते. कोरडी हवा तापवायला सोपी आणि अंगालाही सुखाची.

मला हे काही पटले नाही. एवढी महागाची ऊब तयार करायची आणि वरून भोक ठेवायचे? त्यातच पहिल्या रात्री माझ्या पायाशी गार झुळूक लागत होती. शोधले तर तळाशी, कोपऱ्यात, जाळी लावलेले एक भोक सापडले. शेगडीच्या ओट्याजवळ आणखी एक. मी मुकाट्याने एका भोकात पायमोजा कोंबला आणि दुसऱ्यावर टॉवेलची घडी दाबून बसवली. छतावरची खिडकीही हळूच लावून घेतली. आपण काही तरी शहाणपणाचे केले, या समाधानात अंथरुणावर पडलो. दोन दिवस कोणाच्या ते लक्षात आले नाही.

तिसऱ्या दिवशी पहाटे फजरच्या नमाजासाठी उठलो. बाहेरचे तापमान उणे चार. वजूसाठी नळ उघडला, तर पाणी गोठलेले. किटलीत रात्री भरून ठेवलेले पाणी होते. तेच जरा कोमट करावे म्हणून बटण दाबले आणि खट् करून सगळे अंधारात. हीटर चालूच होता, हे विसरलो होतो. विजेचा खटका बाहेरच्या खांबावर. मुले गाढ झोपलेली. भाच्याला उठवायचे जिवावर आले. मग विचार केला, गॅस आहे की! पाणी एका पातेल्यात ओतले, ते शेगडीवर ठेवले, आणि गाडी गार पडू नये म्हणून बाकीचे बर्नरही पेटवले. निळ्या ज्योती, ना धूर ना वास. वजू झाले, नमाज झाली. ऊबही छान वाटू लागली, म्हणून शेगडी तशीच ठेवून गोधडीत शिरलो.

थोड्या वेळाने डोके जड झाले. कपाळात ठणका, पोटात ढवळल्यासारखे. वाटले, थंडी बाधली असावी. जरा डोळा लागला की बरे वाटेल. आणि मित्रहो, डोळा लागणारच होता, तेवढ्यात भिंतीवरचे एक छोटे पांढरे यंत्र कर्कश ओरडू लागले. भाचा उडी मारून उठला. त्याने गॅस बंद केला, दार सताड उघडले, दोन्ही मुलांना पांघरुणासकट उचलून बाहेर मोटारीत नेऊन बसवले, मग बायकोला आणि मला ओढून बाहेर काढले. त्या कडाक्याच्या थंडीत मी अनवाणी उभा होतो आणि मोकळ्या हवेतला एकेक श्वास औषधासारखा घेत होतो.

ते यंत्र कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे होते. कोणतेही इंधन जळायला प्राणवायू लागतो. तो पुरेसा मिळाला तर कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ तयार होते. कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेते. हा वायू त्याच हिमोग्लोबिनला प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. श्वास चालू असतो, पण शरीराला प्राणवायू मिळत नाही. डोकेदुखी, मळमळ, चक्कर, गुंगी, ही त्याची लक्षणे सर्दी-तापासारखीच वाटतात. माणूस थंडी बाधली म्हणून झोपतो आणि उठत नाही.

ती भोके त्यासाठीच होती. ताजी हवा आत यावी म्हणून. तळातल्या भोकाचे आणखी एक काम असते. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड. गळती झाली तर तो खाली साचतो आणि त्या वाटेने बाहेर निघून जातो. गाडीत बसवलेल्या हीटरचा धूर स्वतंत्र नळीतून थेट बाहेर सोडलेला असतो, म्हणून तो रात्री चालला तरी चालतो. स्वयंपाकाच्या शेगडीला तशी नळी नसते. ती अन्न शिजवण्यासाठी आहे, खोली तापवण्यासाठी नाही.

उजाडल्यावर भाच्याने मला डॉक्टरांना दाखवून आणले. मग गाडी तपासताना पायमोजा आणि टॉवेल सापडला. तो रागावला असता तर बरे वाटले असते. तो शांतपणे एवढेच म्हणाला, "मामू, हे भोक कुणी बुजवायचं विसरलं म्हणून राहिलेलं नाही." मी मान खाली घातली. धाकटी पोरगी मात्र माझा हात धरून विचारत होती, "दादा, तुमचं डोकं अजून दुखतंय का?" आमच्याकडे आजोबांना दादा म्हणतात. त्या प्रश्नाने मला जेवढे लाजवले, तेवढे दुसऱ्या कशानेही नाही.

लाज वाटायचे आणखी एक कारण होते. हे मला माहीत असायला हवे होते. मी लहान असताना पौषातल्या थंडीत आमची अम्मी कोळशाची शेगडी घरात पेटवायची. आम्ही भावंडे भोवती हात शेकत बसायचो. पण निजायची वेळ झाली की कितीही गारठा असो, ती पदराने शेगडीचे कान धरून तिला अंगणात नेऊन ठेवायची. आम्ही कुरकुरायचो. ती म्हणायची, "विस्तव बाहेर, माणसं आत." तिला कार्बन मोनॉक्साइड हा शब्द माहीत नव्हता. मी बी.ए. झालो, पुस्तके लिहिली, आणि निळ्या, स्वच्छ ज्योतीला विस्तव मानायचे विसरलो.

आपण म्हणाल, आम्हाला कुठे इंग्लंडात कॅरव्हॅन घेऊन जायचे आहे? पण महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले आहे, आणि महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी हिवाळ्यात दंव गोठते, हे आपण वर्तमानपत्रांत वाचतोच. उद्या आपलीही मुलेबाळे अशा गाडीत मुक्काम करतील. शिवाय ही गोष्ट केवळ हौशी प्रवाशांची नाही. बंद खोलीत शेगडी ठेवून झोपणारे पहारेकरी आहेत. ट्रकच्या केबिनमध्ये स्टोव्ह पेटवणारे चालक आहेत. झरोका नसलेल्या न्हाणीघरात गॅसचा गिझर लावून अंघोळ करणारी आपली शहरातली कुटुंबे आहेत. गाडी असो, खोली असो की न्हाणी, वायू तोच आणि त्याची मुकी चालही तीच.

म्हणून एवढेच लक्षात ठेवा. गिझर असेल तिथे झरोका उघडा ठेवा, शक्यतो गिझर न्हाणीघराच्या बाहेरच बसवा. निखारे विझल्यासारखे दिसले तरी ते वायू सोडतच असतात. ते झोपायच्या खोलीत किंवा तंबूत आणू नका. सूचना देणारे यंत्र बाजारात मिळते, ते घ्या आणि त्याची बॅटरी अधूनमधून तपासा. बंद खोलीत एकापेक्षा जास्त माणसांचे डोके एकदम दुखू लागले, तर थंडीला दोष न देता आधी दार उघडा, बाहेर या आणि मग डॉक्टर गाठा.

उरलेले तीन दिवस आम्ही तिथेच राहिलो. गोधडी अंगाखाली, शेकायची पिशवी पायाशी, हीटर मंद. छतावरची खिडकी रोज रात्री मीच माझ्या हाताने बोटभर उघडी ठेवत होतो, आणि पायाशी येणारी ती गार झुळूक आता मला बोचत नव्हती. परत आल्यावर पहिले काम केले ते घरच्या न्हाणीतल्या झरोक्याचे. तिथे गेली कित्येक वर्षे, थंडी येते म्हणून, मीच एक पुठ्ठा ठोकून ठेवला होता. तो काढून टाकला.